हाक ऐकू आली नाही

फोन रेडिओ केंद्रातून होता. दर रविवारी श्रोत्यांना कोडी घालणाऱ्या ताई काल संध्याकाळपासून बेपत्ता होत्या. दुपारी त्यांचा कार्यक्रम थेट जायचा होता. इन्स्पेक्टरबाईंनी चहा तसाच टाकला. ताईंच्या कोड्यांपुढे त्यांनी आजवर नेहमीच हात टेकले होते. सासूबाईंना मात्र ती चटकन सुटत, आणि सुटली की त्या आठवडाभर ऐकवत.

इन्स्पेक्टरबाई केंद्रात पोचल्या तेव्हा ताईंचे यजमान जिन्यातच बसलेले.

"तिला दमा आहे," ते म्हणाले. "आणि पंप घरीच राहिलाय. पंपाशिवाय तिचं फार वेळ निभत नाही हो."

हवालदारांनी इमारत पालथी घातली होती. फक्त रेकॉर्डिंगची जुनी खोली बंद होती. ठोठावून पाहिलं, उत्तर आलं नाही. किल्ली ताईंकडे, म्हणजे ती त्यांच्याबरोबरच गेली, असं सगळ्यांनी धरलं. आता माणसं बसस्टँड, दवाखाने आणि कालव्याचा काठ धुंडाळत होती.

उरला ताईंचा धाकटा भाऊ. सगळं केंद्र त्याला भाऊच म्हणे. कोडी दोघं मिळून रचत, नाव ताईंचं होई. माणूस बोलायला साखरेसारखा गोड. त्याने बाईंना कॉरिडॉरमधलं स्टूल पुढे केलं. ते डुगडुगत होतं, कारण त्याचा एक पाय चेपून चेपून झिजला होता.

"ताईंना शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल संध्याकाळी. जुन्या टेप शोधायच्यात म्हणाली."

"मग?"

"मी निघालो. बाहेरच्या दाराला कुलूप लावलं. कुणाची हाक ऐकू आली नाही. तिच्या चपलाही दाराशी नव्हत्या."

"जुन्या खोलीची दुसरी किल्ली?"

"एकच आहे. ती तिच्याकडे असते."

कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. यजमानांकडून मात्र बाईंना एक गोष्ट कळली. पुढच्या रविवारपासून ताई भावाला कार्यक्रमातून काढणार होत्या, आणि ते आजच श्रोत्यांना सांगणार होत्या. त्या आल्या नाहीत तर माईकपाशी बसणार भाऊ.

तो सरावाला बसलाही. स्पीकरवर त्याचा आवाज घुमला. नवरा-बायको एकाच टेबलाशी जेवले, दिवे लागलेले होते, भांडण नव्हतं, डोळे शाबूत होते, तरी दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. कसं?

बाई तिथेच थबकल्या. तो दुपारी जेवला, ती रात्री. एकाच वेळी जेवले असं म्हणालंय कोण? ते तर आपणच मनाने घातलं. कोडं सुटल्याचा आनंद व्हायच्या आत, भावाची उत्तरं आठवत त्या कॉरिडॉरमधल्या झिजलेल्या स्टुलाकडे वळल्या.

त्यांनी केंद्रातल्या एका निवेदिकेला गाठलं आणि ते स्टूल कशासाठी आहे असं विचारलं.

"जुन्या खोलीच्या दारात अडकवायला," ती म्हणाली. "ते दार आपोआप लागतं. आतली मूठ तुटलीय, किल्लीचं भोकही फक्त बाहेरून आहे. म्हणून आत जाणारा आधी स्टूल अडकवतो."

"आणि आतून ओरडलं तर?"

निवेदिकेचा चेहरा पांढराफटक पडला. रेकॉर्डिंगची खोली ती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच बांधलेली.

पहारीने दार उचकटलं तेव्हा ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते, किल्ली मुठीत होती. शिपाई घरून पंप घेऊन आला होता. त्यांचा श्वास सुरळीत होईपर्यंत कुणी हललं नाही. यजमान उघड रडले.

भावाला तिथेच उभं केलं. बाई बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज रागाने कापत होता.

"हा एक शब्दही खोटा बोलला नाही. कोडी रचणाऱ्याची सवय! हाक ऐकू आली नाही, खरंच आहे, तिथून येणारच कशी? चपला दाराशी नव्हत्या, कारण यानेच उचलल्या. किल्ली ताईंकडे होती, पण आतून तिचा उपयोग शून्य. ताई बाहेर पडल्या असं हा कधीच म्हणाला नाही. ते आपण घातलं पदरचं. याने फक्त स्टूल काढलं. बाकीचं काम दाराने केलं."

"एका दिवसाचा प्रश्न होता," भाऊ पुटपुटला. "निम्मी कोडी माझी. एकदा तरी माझ्या नावाने जावीत."

"पंप घरी राहिलाय हे माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

आता त्याच्याकडे आडवळणाचा एकही शब्द उरला नव्हता.

ताईंनी हात वर केला. आवाज फुटत नव्हता, तरी त्यांनी स्वतःच विचारलं. "कार्यक्रम झाल्यावर दार उघडायला येणार होतास?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"हो," भाऊ म्हणाला.

ताईंनी मुठीतल्या त्या एकुलत्या एका किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याला पाळण्यात जोजवलेलं होतं त्यांनी.

"घेऊन जा याला," त्या बाईंना म्हणाल्या. "आज पहिल्यांदा खोटं बोलला."