दाजींचा माइक

गच्चीवरचा दिवा मालवा आणि जवळ सरकून बसा. हे मी मोठ्याने सांगणार नाही. मध्येच कोणी खी खी केलं तर उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

माझा दोस्त भोंग्या तुम्हाला ठाऊक आहे. लाउडस्पीकरवाला. शाळेपासून त्याला तारांचं आणि माइकचं वेड, म्हणून हे नाव चिकटलं. थापा मारणं त्याला जमत नाही. बायकोसमोर तर तोंड उघडायच्या आत पकडला जातो. हे त्याच्याच बाबतीत घडलेलं आहे.

आपल्या टाउन हॉलमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नावाजलेले लेखक येऊन वाचतात, माहीत आहे ना? हॉल खचाखच भरतो. तिथला शिरस्ता एकच, ज्याने लिहिलं त्यानेच वाचायचं. तिथला आवाज भोंग्या सांभाळतो. त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, हे त्या मालिकेतलं सगळ्यात मोठं नाव. दाजी वाचायला लागले की माणसं खोकायचीसुद्धा नाहीत. वैतागायचा तो एकटा भोंग्या. दाजी माइक अगदी ओठांना लावून वाचायचे. माइकवरची स्पंजाची टोपी त्यांच्या श्वासाने ओली व्हायची आणि पुढचा पाहुणा नाक मुरडायचा. शेवटी भोंग्याने त्यांच्यासाठी वेगळा माइकच ठेवला, वेगळ्या पेटीत. "दाजी, हा तुमचा. खायचा तर खा," म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात दाजी गेले. कादंबरीचं शेवटचं प्रकरण अर्धवट राहिलं. जाताना एवढंच म्हणाले, "शेवट मी वाचणार. दुसऱ्या कोणी वाचायचा नाही." तापात माणूस काहीही बरळतो, असं सगळ्यांनी धरलं.

मग आला नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. मालिकेच्या सेक्रेटरीबाईंनी भोंग्याच्या ताईचा पिच्छा पुरवून तिला वाचायला तयार केलं होतं. शिरस्ता पहिल्यांदाच मोडणार होता. संध्याकाळी भोंग्या व्हॅन घेऊन तिला आणायला गेला.

"तायडे, बाकी काय वाचायचं ते वाच. तेवढं शेवटचं प्रकरण राहू दे."

"का रे?"

"दाजी म्हणाले होते ना."

ताई मांडीवरची फाइल घट्ट धरून बसली होती. "जन्मभर हे आतल्या खोलीतून हाक मारायचे आणि मी हातातलं टाकून 'आले' म्हणायचे. आता हाकच नाही रे. घर खायला उठतं. आज निदान त्यांचे शब्द तरी तोंडी येतील."

भोंग्याला भरून आलं. त्याने व्हॅन हॉलच्या दिशेने वळवली.

हॉलमध्ये त्याने ताईसमोर साधा माइक लावला. दाजींची पेटी सवयीने सोबत आणली होती, ती न उघडता आपल्या खुर्चीखाली सरकवली. हॉलच्या मागच्या टोकाला त्याचं टेबल. त्यावरच्या यंत्रात प्रत्येक माइकचा एक हिरवा दिवा. माइकमध्ये आवाज शिरला की लुकलुकतो. कानाला हेडफोन लावून तो बसला.

ताई छान वाचत होती. बायका डोळे पुसत होत्या. मग तिने शेवटचं प्रकरण काढलं. त्यात एक म्हातारा आपल्याच घराच्या अंधाऱ्या जिन्याने खाली उतरतो आणि वर राहिलेल्या बायकोला हाका मारतो.

"जिन्यावर अंधार होता," ताईने वाचलं.

पण त्याआधीच, हेडफोनमध्ये, कोणीतरी हलकेच म्हणालं होतं... जिन्यावर अंधार होता.

भोंग्याला वाटलं, प्रतिध्वनी असेल. त्याने बटणं फिरवली. मग त्याच्या लक्षात आलं. प्रतिध्वनी मागून येतो. हा आधी येत होता.

"त्याने कठड्याला हात लावला."

आधी कानात. मग ताईच्या तोंडून.

त्याने यंत्राकडे पाहिलं. ताईचा दिवा लुकलुकत होता. शेजारी दाजींचा. तोही लुकलुकत होता. त्या माइकची तार यंत्राला जोडलेलीच नव्हती.

भोंग्याने वाकून पाहिलं. पेटी बंद होती.

म्हाताऱ्याने पहिली हाक मारली. दुसरी मारली. बायको काही बोलली नाही. तिसरी हाक... आणि कागद संपला. ताईने पान खाली ठेवलं. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

कानातला आवाज थांबला नाही.

'येतेस ना?'

ताईने मान वर केली. तिच्या कानाला हेडफोन नव्हता. तरी तिने ऐकलं. ती रंगमंचाच्या काळोख्या कोपऱ्याकडे बघत होती. हसत होती. दाजी गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

'चल.'

ती खुर्चीतून उठली.

ती काय म्हणणार, ते भोंग्याला ठाऊक होतं. जन्मभर तेच म्हणत आली होती. आणि या वेळी म्हणाली, तर...

तिने तोंड उघडलं.

भोंग्याने टेबलावरचा, चाचणीचा माइक ओढला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "तायडे!"

सगळा हॉल दचकला. ताईने गर्रकन मान वळवली. लहानपणी अंगणातून द्यायची, तशी ओ दिली.

"आले रे, आले!"

लोक हसले. सेक्रेटरीबाई लाजेने लाल झाल्या. ताई खाली उतरून थेट भावाकडे आली. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते.

हेडफोनमध्ये शांतता. मग एक श्वास. लांब... अगदी माइकला ओठ लावून सोडलेला. आणि दाजींचा दिवा विझला.

त्या रात्री ताईला त्याने आपल्याच घरी नेलं. ती झोपल्यावर पेटी उघडली. आत माइक होता तसाच, तार गुंडाळलेली. त्याने टोपीला बोट लावलं.

ओली होती... कोमट.

ताई अजून भावाकडेच राहते. कोणी बोलावलं तर आधी जाऊन माणूस बघते, मगच बोलते. प्रकरणाचा शेवट कोणी लिहिला नाही. त्या हाकेला अजून कोणी ओ दिलेली नाही.

बस्स, झालं. जा आता खाली. काकू कधीची हाका मारतेय जिन्यातून.

काय झालं? जीभ टाळ्याला चिकटली का?

'आलो' म्हणा की कोणीतरी.