दादाचा अर्धवट अ‍ॅम्प्लिफायर

ही गोष्ट वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. मीही आधी हसलो होतो. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि तो भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. घरात दिवा फडफडायला लागला, की बाकीचे घाबरतात आणि हा टेस्टर शोधतो.

लहानपणापासून सगळे त्याला खटपट्या म्हणतात. तो आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवायचे. लांबट खोली, भिंतीला टांगलेली वायरची वेटोळी आणि मध्ये एक जळके डाग पडलेलं टेबल. जे घडलं ते त्या टेबलावर. आणि मध्यरात्री वगैरे नाही. दिवेलागणीला, शेजारी टायरवाल्याचं दुकान सुरू असताना.

दादाला स्वतःच्या गाडीसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा होता. विकतचा घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. जुन्या पत्र्याची पेटी, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि तांब्याची तार. ती त्यानं स्वतःच्या हातानं रिंगवर गुंडाळली होती. तारेची टोकं दातांनी ओढून घट्ट करायची त्याला खोड होती. वहिनी ओरडायच्या, "दात पडतील एक दिवस!" तो म्हणायचा, "मग कवळीनं ओढेन."

अ‍ॅम्प्लिफायर अर्धवट राहिला आणि दादा गेला.

पुलापलीकडच्या उतारावर, वळणावर, बंद कारखान्याच्या भिंतीत गाडी घुसली. गाडीत तो एकटाच होता.

रस्त्यावर ब्रेक दाबल्याचे वळ नव्हते.

एवढं पुरे झालं लोकांना. "मुद्दाम घातली असणार," असं कोणीतरी म्हणालं, आणि ते फिरत फिरत वहिनींच्या कानावर आलं. त्या दिवशी घरात भांडण झालं होतं. निघताना वहिनी रागानं म्हणाल्या होत्या, "जा, आणि येऊच नका परत!" नवरा-बायकोत असं शंभरदा बोललं जातं. पण त्या दिवशी तो खरंच आला नाही. तेव्हापासून त्या बाईच्या तोंडी एकच प्रश्न.

"भावजी, ब्रेक दाबला असेल ना ह्यांनी?"

खटपट्या मान खाली घालून चहा प्यायचा आणि उठायचा.

दादाच्या हातची शेवटची वस्तू अडगळीत पडू नये, म्हणून त्यानं अ‍ॅम्प्लिफायर पुरा करायला घेतला. राहिलेले सांधे सोल्डर केले. तारेवरचे दातांचे बारीक ओरखडे तसेच ठेवले. एका संध्याकाळी टेबलावर गाडीची बॅटरी ठेवली, एक स्पीकर जोडला. गाणं लावायची वायर अजून जोडलीच नव्हती. नुसता चालू होतो का, एवढंच बघायचं होतं.

चालू झाला.

थोडा वेळ काहीच नाही. मग स्पीकरमधून...

टप्.

मग स्टार्टरची घरघर. आणि त्यामागून बारीक, लांब, कुंईऽऽऽ.

इथे एक सांगायला हवं. गाडीत अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग नीट केलं नाही, तर इंजिनाचा आवाज स्पीकरमध्ये शिरतो. वेग वाढवला की ती कुंई चढते, कमी केला की उतरते. ब्रेकचा दिवा लागला की टक्. वळायचा सिग्नल दिला की टिक, टिक, टिक. दार उघडलं, आतला दिवा लागला, की टप्. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून आईला बाहेर बसून कळतं ना काय चाललंय, तसं या धंद्यातल्या माणसाला डोळे मिटून कळतं, गाडी काय करतेय.

पण हे गाडीत.

टेबलावर गाडी नव्हती. दुकानासमोरही गाडी नव्हती. आणि दादाच्या गाडीत हा अ‍ॅम्प्लिफायर कधी बसलाच नव्हता.

खटपट्यानं सगळं तपासलं. बॅटरी बदलली, स्पीकर बदलला. टायरवाल्याला बोलावलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "काय रे, गाडी कुठे लपवलीस?"

म्हणजे कानाचा दोष नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी तो नुसता ऐकत बसला. टप्. स्टार्टर. कुंई. आवाज जरा चढला आणि लगेच टक्, खाली आला. गल्लीतला गतिरोधक. मग सिग्नलची टिकटिक. पेट्रोल पंपाचं वळण. मग लांबच लांब एकसारखा आवाज...

हा रस्ता त्याला पाठ होता. दादाच्या घरापासून पुलापर्यंतचा.

त्यानं वायर उपटून काढली.

दोन-तीन दिवस तो दुकानात गेलाच नाही. बायकोला सांगितलं, कणकण वाटतेय. शेवटी न राहवून वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत. पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला. मला ऐकायचंय."

"वहिनी, शेवटी काय येईल माहीत आहे ना?"

"माहीत आहे. ब्रेक आला की नाही, ते माहीत नाही."

वहिनी स्टुलावर बसल्या. खटपट्यानं बॅटरी जोडली, आणि हात मांड्यांखाली दाबून धरले, पुन्हा वायर उपटू नये म्हणून.

टप्. स्टार्टर. गतिरोधक. पेट्रोल पंप. तो हळू आवाजात सांगत होता, वहिनी मान हलवत होत्या.

मग पूल आला, आणि...

टक्.

कुंई उतरत गेली. गाडी थांबली. इंजिन नुसतं चालू.

"इथे का थांबले हे?" वहिनींनी विचारलं.

खटपट्याला ठाऊक होतं, पुलावर थांबायला जागाच नाही. ना दुकान, ना फूटपाथ.

आणि मग...

टप्.

दार उघडलं होतं.

"भावजी, कोणी बसलं का गाडीत?"

गाडी निघाली. वेग वाढला. उतार लागला असणार, कारण आवाज चढतच गेला.

टक्.

वहिनींनी त्याचा दंड पकडला. "ब्रेक ना? हा ब्रेक ना?"

"हो वहिनी. ब्रेक."

टक्. टक्. टक्. टक्. दादा ब्रेक दाबत होता. जीव तोडून दाबत होता. आणि कुंई उतरायच्या ऐवजी चढत होती. ब्रेकवर एकाचा पाय आणि अ‍ॅक्सिलरेटरवर दुसऱ्याचा असावा, तशी.

मग सगळं बंद झालं.

वहिनी तोंडाला पदर लावून हुंदके देत होत्या. "दाबला ह्यांनी. यायचं होतं ह्यांना घरी." इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला होता. खटपट्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. वायर काढायला त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात...

टप्.

त्या चेंदामेंदा झालेल्या गाडीतून कोणीतरी उतरलं होतं.

वहिनींना रडण्याच्या भरात ते ऐकू आलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

त्याला ती पेटी मोडून टाकायची होती. वहिनींनी मोडू दिली नाही. बॅटरी, स्पीकर सगळं घरी नेलं. त्या तळमजल्यावर एकट्या राहतात. रोज दिवेलागणीला बॅटरी जोडायच्या आणि पुलावर गाडी थांबायच्या आधी वायर काढायच्या.

"तिथपर्यंत जिवंत असतात हो ते," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी त्यांना पुढे जाऊच देत नाही."

मला वाटलं, बाईला तेवढंच सुख. कोणाचं काय जातंय?

मग एक दिवस खटपट्याचा फोन आला. आवाज विचित्र होता. वहिनींनी त्याला विचारलं होतं, "भावजी, हल्ली गाडी लवकर का थांबते?"

पुलावर नाही. पेट्रोल पंपाच्या वळणावरच टक् येत होता. इंजिन नुसतं चालू राहत होतं. त्या घाईघाईनं वायर काढत होत्या.

काही दिवसांनी तो थांबा गल्लीच्या तोंडाशी आला. मग गल्लीतल्या गतिरोधकापाशी.

आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो. खटपट्या हात जोडून म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे चला. निदान ती पेटी तरी मला द्या." त्या चहा गाळत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आणि ह्यांना एकटं सोडू? त्या माणसाबरोबर?"

आम्ही चहा पिऊन परत आलो. जबरदस्ती कशी करणार?

हे सगळं आज लिहायचं कारण, तासाभरापूर्वी वहिनींनी मला फोन केला. आवाजात भीती नव्हती, उलट तो जरा गोंधळलेला होता. म्हणाल्या, "स्टार्टर व्हायच्या आधी एक टप् येतो ना, ह्यांचं दार उघडल्याचा?"

"हो."

"आज दोन आले."

मी म्हटलं, वायर काढा आधी. आत्ताच्या आत्ता काढा.

"काढली हो मघाशीच," त्या म्हणाल्या. "बॅटरी पण बाहेर ठेवलीय. थांबा हं, दाराशी कोणीतरी..."

फोन चालूच होता. माझ्या कानात हलकेच एक कुंई सुरू झाली.

मी सांगितल्यावर खटपट्या तिकडे निघालाय. पुलावरूनच जावं लागतं. अजून त्याचा फोन लागत नाहीये.