एक हात देणं

दोन हजार एकोणीस साल. हिवाळा, जानेवारीचा दुसरा आठवडा, गुरुवारची रात्र. ऐकायचं असेल तर मोबाइल खाली ठेवा. मध्ये कोणी खिदळायचं नाही. ज्याच्यावर हा प्रसंग आला तो शिंपी अजून आहे, बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान आहे. शंका असेल त्याने जाऊन विचारावं.

शिंपी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून सासऱ्याकडे निघाला. काम साधं होतं. रात्री तिथे झोपायचं. सासूबाई जाऊन दोन महिने झाले होते आणि म्हातारा घरात एकटाच होता.

बायकोने निघताना बजावलं, "बाबांच्याच खोलीत झोपा. आणि जिन्याचं दार आतून लावून घ्या."

"जिन्याचं कशाला?"

"काल रात्री ते जिन्याच्या तोंडाशी जागे झाले. उजवा हात असा पुढे करून. परवा खोलीच्या दाराशी होते. त्याआधी पलंगाच्या काठाला. रोज थोडे पुढे जातात हो. आज पायरी चुकली तर..."

शिंप्याने चपला घातल्या.

"आणि पत्ते खेळायला बसवतील. नाही म्हणू नका."

"मला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही."

"मग शिका. कोटाला बाही बसवता येते, दहा पानं धरता येणार नाहीत?"

सासरा जन्मभर बस चालवलेला माणूस. ताठ बसायचा, मोजकं बोलायचा. वरच्या खोलीत लाकडी टेबल, तीन खुर्च्या आणि मध्ये पत्त्यांचा जोड. एक खुर्ची खिडकीला पाठ लावून. खिडकीखाली रस्ता.

"बसा, जावईबापू. ती नको, ती तिची. तुम्ही इकडे."

शिंप्याने खिडकीजवळच्या खुर्चीवरचा हात काढून घेतला.

म्हाताऱ्याने शिकवायला घेतलं. खेळ पाच-तीन-दोनचा. पानं तीस, माणसं तीन, प्रत्येकाला दहा. "तिघं एकेक पान टाकतात. मोठं पान ज्याचं, तो तिन्ही उचलतो. तो झाला एक हात. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. हुकुमाचं हलकं पानसुद्धा बाकीच्या रंगांच्या राजाला मारतं. कळलं?"

"कळलं. आणि हात कमी झाले तर?"

"तर देणं लागतं. ज्याचे जास्त झाले तो पुढच्या डावात कमीवाल्याच्या पानांतलं एक पान ओढतो. न बघता. बदल्यात आपल्याला नको असलेलं पान देतो. याला म्हणायचं हात ओढणं."

तिसऱ्या खुर्चीची पानं म्हातारा उघडी मांडून स्वतःच खेळत होता. पहिल्या डावात शिंप्याने राजा फुकट घालवला.

"अहो, राजा आहे तो, चिंधी नव्हे. कात्री हाती आली म्हणून कापत सुटायचं?"

दुसऱ्या डावात त्याने हुकूम टाकलाच नाही.

"धरून काय बसलात? पिल्लं काढायचीत त्याची?"

तिसऱ्या डावात शिंप्याचे बरोबर तीन हात झाले. त्याची छाती फुगली. म्हाताऱ्याने मान हलवली, पानं गोळा केली, पिसली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"शिकलात. आता खरा डाव."

"मग आतापर्यंत काय होतं?"

"शिकवणी. मला तिसरा माणूस हवा होता. दोघांत हा खेळ होत नाही."

शिंप्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे.

"त्या रात्री शेजारचा पोस्टमन होता तिसरा," म्हातारा म्हणाला. "माझा एक हात कमी झाला होता, तिचा एक जास्त. पुढची पानं वाटून झाली. ती म्हणाली, ओढू? आणि हात पुढे केला..."

म्हाताऱ्याने हातातल्या गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या.

"पुढे केलेला हात तसाच राहिला. डोकं टेबलावर. पोस्टमनने त्यानंतर या घराचा उंबरा ओलांडला नाही."

"मामा..."

"तिचा एक हात देणं लागतो मी. मागायला येते. झोपेत इथे मनगटाला धरते आणि ओढते."

"मामा, उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"डॉक्टर काय पत्ते खेळतो?"

"तसं नाही, पण..."

"उभ्या संसारात तिचा एक हात मी बुडवला नाही."

म्हाताऱ्याने वाटायला घेतलं. पाच-पाच पानं. या वेळी तिसरा गठ्ठा उपडाच राहिला. त्याला कोणी हात लावला नाही.

"पाच हात तुमचे. हुकूम बोला."

शिंप्याने पानं पाहिली. "बदाम."

"बदाम? माझ्याकडे औषधालाही नाही."

उरलेली पानं पडली. म्हाताऱ्याने आपली उचलली, बघितली. "अजूनही नाही," तो म्हणाला. दहा पानांचा पंखा केला. पानांच्या पाठी रिकाम्या खुर्चीकडे वळवल्या. हात टेबलावरून पुढे नेला.

"ओढ."

काहीच झालं नाही.

खालून एक स्कूटर गेली. तिचा आवाज लांब गेला. विरला.

पंख्यातलं एक पान हललं.

नखाने कोणी उचकावं तसं. हळूच. अर्धं वर आलं. थांबलं. परत खाली बसलं. मग शेजारचं.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तीच खोड. चाचपत बसायचं. अगं, ओढ एकदाचं आणि मोकळी हो."

दुसरं पानही खाली बसलं.

मग पान हललं नाही...

हात हलला.

मनगट पुढे गेलं. कोपर टेबलावर घासलं. बाही वर सरकली. म्हातारा स्वतः झुकत नव्हता. खुर्ची त्याच्यामागे कलंडली. छाती टेबलाला लागली. पाय जमिनीवरून सुटले.

खिडकीची कडी लावलेली होती.

आता ती लावलेली नव्हती.

"मामा, टाका ती पानं!"

"देणं आहे..."

शिंप्याने त्याचा डावा हात पकडला. पाय टेबलाला रोवले. सगळा जोर लावला. म्हातारा पुढेच चालला. बोटभर. आणखी बोटभर. रिकामी खुर्ची आपोआप बाजूला झाली. मागे खिडकी. उघडी.

तेव्हा शिंप्याच्या ध्यानात आलं. ती देणं वसूल करत होती. फक्त शब्दाला शब्द धरून बसली होती. हात म्हणजे हात.

तो ओरडला नाही. दुकानात अडून बसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसा बोलला.

"मामी."

...

"मामी, मी आजच शिकलोय. चुकलो तर सांगा. हात ओढायचा म्हणजे पान ओढायचं. माणूस नाही."

...

"एक पान घ्यायचं. एक द्यायचं. मामांनी असंच शिकवलं. तुम्ही वेगळं खेळत होता का?"

...

गार वारा आत आला. पडदा हलला नाही.

मनगट सुटलं. टेबलावर आपटलं.

पंख्यात फट पडली होती. पान कधी गेलं, दोघांनाही दिसलं नाही. म्हातारा धापा टाकत ओठातल्या ओठात मोजत होता. नऊ.

बदल्यात एक पान यायचं होतं.

दोघं बसून राहिले.

शिंप्याची पापणी लवली. तेवढीच.

फट बुजली होती.

म्हाताऱ्याने ते पान पंख्यातून उपसलं. बराच वेळ बघितलं. मग टेबलावर सुलटं ठेवलं.

बदामाचा एक्का.

हुकुमाचा एक्का. त्याच्यावर पान नाही. नको म्हणून तो कोणी कोणाला देत नाही.

शिंप्याने त्याला बोट लावलं. खोलीत तोंडाची वाफ दिसत होती. पान उबदार होतं. कोणी फार वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखं.

"फिटलं," म्हातारा म्हणाला.