मुंग्यांची साक्ष

फोन आला तेव्हा आत्या कपात चहा ओतत होती. "आत्या, जमादाराचे झटके थांबत नाहीत. लगेच ये," भाचा म्हणाला आणि रडायलाच लागला.

जमादार म्हणजे त्याचा कुत्रा. आत्या म्हणजे विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता निवृत्त झालेली बाई. तिचं नाक असं, की शेजारच्या गल्लीत कुणी थाप मारली तरी इकडे तिला शिंक यायची. एकदा म्हणे तिच्या शिंकेने एक मेलेला विमेदार तिरडीवरून उठून पळाला होता.

ती पोचली तेव्हा भाचेसून जमिनीवर बसली होती. मांडीवर जमादाराचं डोकं, पाय ताठ, तोंडाला फेस. गोळ्या चालू झाल्यापासून त्याला वर्षभर झटका नव्हता.

भाच्याने गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता. नेहमीचे प्राण्यांचे डॉक्टर पाय मोडून गावी पडलेले, दवाखान्याला कुलूप, म्हणून बायकोने गोळ्या ऑनलाइन मागवल्या. तिनेच घात केला, असं त्याचं म्हणणं. 

आत्याने त्याला गाडी काढायला पिटाळलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला प्राण्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. तेवढ्या वेळात तिने भाचेसुनेला विचारलं, "साइटने तुला काय काय विचारलं?"

"डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, जुनी होती ती पाठवली. मग त्यांच्या औषधवाल्या बाईंनी फोन करून वजन विचारलं. सीलबंद बाटली आली. त्या गोळ्यांवर छान होता हो तो."

बाटली खिडकीत होती. झाकणावर मुंग्यांची रांग. आत्याने ती हलवली. गळ्यापर्यंत भरलेली.

भाचा चावी घेऊन आला.

"गोळी कोण देतं रे?"

"मीच. आधी थुंकायचा, कडूजहर ना. हल्ली माझ्या हातातून शेपूट हलवत चाटून खातो."

"बाटली हिने मागवलेलीच?"

"तीच. गोळ्याही त्याच."

आत्याला सणसणीत शिंक आली.

डॉक्टरीणबाईंनी जमादाराला आत घेतलं, सुई दिली. बाहेरच्या बाकावर तिघं बसली. आत्याने बाटली मांडीवर ठेवली.

"कडू गोळी कुत्रा शेपूट हलवत खात नाही," ती म्हणाली. "मुंग्याही कडूच्या वाटेला जात नाहीत. आणि रोज गोळी काढून बाटली भरलेली राहत असेल, तर मी पण एक घरी नेते. हिच्या गोळ्या संपल्या. त्याच जुन्या बाटलीत कुणीतरी वेगळ्या गोळ्या भरल्या, आणि या बाटलीला हात फक्त तुझा लागतो. कुठून आणल्यास?"

भाचा जमिनीकडे बघत बोलू लागला. मग कळलं ते असं. साइटने नवी चिठ्ठी मागितली. चिठ्ठीसाठी याच डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय देणार नाही, घेऊन या. जमादाराला गाडीत उलट्या होतात, ते याला बघवेना. मग दुसरी एक साइट सापडली. तिने ना चिठ्ठी मागितली, ना वजन. पत्ता तेवढा विचारला.

"काहीच विचारलं नाही, तेव्हाच त्या साइटवरून उठायचं होतंस," आत्या म्हणाली. "साखर चारलीस त्याला. कडू औषध असं एकदम तुटलं की झटके दुप्पट जोराने येतात."

"जुन्या बाटलीत का ओतल्यास?" बायकोने विचारलं.

"तू ओरडशील म्हणून."

"आणि मग माझ्यावर ढकललंस."



डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. टेबलावर जमादार लोळागोळा होऊन पडला होता. भाच्याचा वास येताच त्याने डोळे किलकिले केले, जीभ काढली आणि त्याचा रिकामा तळहात चाटू लागला. गोड गोळी शोधत होता.

"बरा होईल ना?" भाच्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी जमादाराच्या पाठीवरून हात फिरवला. "होईल हो, होईल बरा."

आत्याने रुमाल नाकावर घट्ट दाबून धरला. तरी शिंक आलीच.