रिकामा गोल

सुवर्णा सिस्टरच्या घरात एक नियम होता, आणि तो तिनं नवऱ्याकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. हातावर पेनानं काढलेला गोल दिसल्याशिवाय पोरीला सुई टोचू द्यायची नाही.

त्या दिवशीही ड्यूटीला निघताना, केसांना पिना लावता लावता, तिनं तो पुन्हा म्हणून घेतला. हर्षालीचा ताप काही केल्या उतरत नव्हता. टॉन्सिल सुजून घसा पार धरला होता आणि चौकातल्या डॉक्टरांनी संध्याकाळी इंजेक्शनला बोलावलं होतं. भारतची अंबडच्या कंपनीत रात्रपाळी चालू होती, म्हणून पोरीला घेऊन तोच जाणार होता.

"अहो, ऐकताय ना? गोल..."

"दिसल्याशिवाय सुई नाही," भारत उशीत तोंड खुपसून म्हणाला. "झोपेतसुद्धा सांगेन मी. निघ तू."

हर्षाली पांघरुणातून टुकुटुकु बघत होती. सहा वर्षांची पोर, तापानं डोळे पाणावलेले.

"मम्मी, सुईच्या वेळी तू ये ना."

"मला नाही जमणार राणी. पप्पा आहेत ना."

पोरीनं तोंड फिरवलं. दुसऱ्यांच्या पोरांचे हात धरायला आपण, आणि आपल्या पोरीचा हात धरायला वेळ नाही! पण नोकरी म्हणजे नोकरी. तिनं पर्स उचलली आणि ती निघाली.

आता हा गोल म्हणजे काय, ते सांगायला हवं. काही औषधं अशी असतात की दहाजणांना अमृत आणि अकराव्याला विष. म्हणून आधी कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, कातडीत थेंबभर औषध सोडून बघायचं. मसुराएवढी फुगी येते. तिच्याभोवती पेनानं गोल काढायचा आणि थांबायचं. फुगी वाढली, लाल झाली, तर त्या औषधाला हात लावायचा नाही. तसं काही झालं नाही तरच पुढचं मोठं इंजेक्शन. साधी गोष्ट आहे. पण साध्या गोष्टीचाच माणसाला कंटाळा येतो.

नाशिकरोडच्या एका गल्लीतल्या त्या दहा खाटांच्या हॉस्पिटलात दुपारी वीज गेली. गच्चीवर गेलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसत, आणि इथं पंखे बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वैशाखातली दुपार होती. पडदे ओढलेले, फिनेलचा आणि स्पिरिटचा वास कोंडलेला, पेशंट गुंगीत पडलेले. डॉक्टर दुसरीकडे ऑपरेशनला गेले होते. सलाईनचं ठिबकणंसुद्धा ऐकू येईल इतकं सामसूम होतं.

चार नंबरला चतुराबाई होत्या. चांदवडकडच्या. कांदे कापताना पायाला विळा लागला, त्यावर आठवडाभर हळद दाबत बसल्या आणि पाय भोपळ्यासारखा सुजल्यावर पोरांनी उचलून आणल्या. जुन्या औषधानं उतार पडत नव्हता म्हणून डॉक्टरांनी जाता जाता नवं लिहून दिलं होतं. 'टेस्ट घेऊन पहिला डोस द्या, मी आलो की बघतो,' एवढंच बोलून ते गेले.

मेडिकलमधून औषध आलं तेव्हा सुवर्णाच्या हाताला उसंत नव्हती. दोन नंबरची सलाईन संपत आलेली, सात नंबरला उलटी झालेली. तिनं टेस्टची बारीक सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली आणि चतुराबाईंचा उजवा हात उलटा केला.

हातावर गोल होता.

हिरव्या शाईचा, नीट गरगरीत काढलेला. वाढलं नाही, लाल झालं नाही. सकाळच्या सिस्टरनं टेस्ट घेतलेली दिसते, असं सुवर्णाला वाटलं आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. एक काम वाचलं. सात नंबरवाली पुन्हा कण्हू लागली होती. तिनं घाईघाईनं मोठा डोस भरला, हवा काढली आणि डाव्या हाताला लावलेल्या सलाईनच्या नळीतल्या रबरात सुई टोचली. अंगठा दट्ट्यावर ठेवला.

तेवढ्यात चतुराबाईंनी पदर सावरायला उजवा हात वर केला. पडद्याच्या फटीतून आलेली तिरीप नेमकी त्या गोलावर पडली. गोलात काहीच नव्हतं. फुगी नाही, टोचल्याचा ठिपका नाही. सुरकुतलेली, सपाट कातडी, बस्स.

आणि मग सुवर्णाच्या डोक्यात आलं, ते आधीच यायला हवं होतं. औषध तर आत्ता आलंय. मग सकाळी टेस्ट कशाची घेतली?

तिनं अंगठा उचलला. सुई बाहेर काढली. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"चतुराबाई... हे हातावर कुणी काढलं?"

"आता गं बाई!" चतुराबाई हसल्या. "मघाशी तूच तं काढलं."

"मी?"

"मंग कोन? टोचलं नाय, काय नाय, नुसतं पेन फिरवलं. म्या म्हनलं बरं झालं, सुईचा तरास वाचला."

"मी आलेच नाही हो... मी आत्ता येतेय."

"आलती की. हात लय गार व्हता तुझा. येवढ्या उन्हाचा येवढा गार कसा, म्हून म्या इचारलं बी. तं तू बोलली नाय. नुसती हसली."

सुवर्णानं आपला हात बघितला. घामानं निथळत होता. खिशातलं पेन काढून बघितलं. निळं होतं.

तिनं त्या हिरव्या गोलापासून चार बोटं लांब, स्वतः टेस्ट घेतली, स्वतःच्या पेनानं गोल काढला आणि स्टूल ओढून तिथंच बसली. सात नंबरवालीला म्हटलं, थांब बाई जरा. थोड्या वेळात फुगी चढायला लागली. आधी गुलाबी, मग लालभडक, गांधील चावल्यासारखी टरारून आली आणि निळ्या गोलाबाहेर पसरली. चतुराबाई हात खाजवत म्हणाल्या, "हे काय गं टोचलं, इंगळ लागल्यावानी व्हतंय."

त्या थेंबानं हे झालं. तो मोठा डोस नळीतून गेला असता तर ही बाई आत्ता हात खाजवायला राहिलीच नसती. सुवर्णानं भरलेली सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली.

डॉक्टर आले, त्यांनी हात बघितला, औषध बदललं. "बरं झालं टेस्ट घेतलीत," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. हिरव्या गोलाबद्दल तिनं त्यांना सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

संध्याकाळी वीज आली. नवसामावशी फरशी पुसत होत्या. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासूनच्या त्या आया. सुवर्णा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडायच्या आत मावशींनीच हळू आवाजात विचारलं,

"हिरवा व्हता का?"

सुवर्णानं मान हलवली.

मावशींनी फडकं बादलीत टाकलं. "लय वर्षं झाली. तवा काचेच्या सिरिंजा उकळायचो आपन. दुपारच्या सिस्टरला हिरवं पेन असायचं, सकाळच्यांना निळं. एक बाई ॲडमिट व्हती. दुपारच्या सिस्टरला घाई. तिनं टोचलंच नाय. नुसता गोल काढून मोकळी. डॉक्टरला वाटलं, टेस्ट झाली..." त्या थांबल्या. "सुई काढली नाय तोवर बाई गेली."

"आणि सिस्टर?"

"ती गेली नोकरी सोडून. बाईची पोर व्हती इथंच, बारकी, खाटंखाली खेळायची. सकाळीच मामासंग लावून दिली व्हती तिला. आई म्हनली व्हती पोरीला, जा तू, म्या न्यायला येते."

बादलीतल्या पाण्यात फडकं हळूहळू बुडत होतं.

"तवापून कधीमधी दिसतो गोल. पेशंटला इचारा, एकच सांगतात. तुम्हीच आलत्या. जी सिस्टर ड्यूटीवर, तिचंच त्वांड घेऊन येते ती मेलेली बाई. कोनी नीट बघितलं, तं मानूस वाचतं. पर इथं तिचं हुकलं का मंग..."

"मग काय, मावशी?"

मावशींनी तिच्याकडे बघितलंच नाही. "सिस्टर... तुमच्या लेकीचा ताप उतरला का हो?"

काउंटरवरच्या फोनपर्यंत सुवर्णा कशी पोचली ते तिला कळलं नाही. चौकातल्या डॉक्टरांचा नंबर तिला पाठ होता. दोनदा चुकीचा फिरवला. तिसऱ्यांदा कंपाउंडरनं उचलला आणि भारतला हाक मारली.

"अगं, झालंच आता," भारत म्हणाला. आवाज अगदी निवांत होता. "भरतायत इंजेक्शन. डॉक्टरांनी विचारलं टेस्टचं. मी सांगितलं, हिची आई सिस्टरच आहे, घरीच करून गेलीय."

"कोण म्हणालं?"

"कोण काय? गोल आहे की हातावर. मला उठवायचंस तरी. दुपारी येऊन गेलीस आणि मला पत्ताच नाही."

"रंग कुठलाय?" सुवर्णाला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "भारत, रंग कुठलाय गोलाचा?"

लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली होती. तो गोंधळला.

"हिरवा आहे. का गं?"

"थांबवा! थांबवा त्यांना... मी नाही काढला तो!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग धावती पावलं. कुणीतरी मोठ्यानं काहीतरी बोललं. मग काहीच नाही. सुवर्णानं काउंटरची कड घट्ट धरली. हॉस्पिटलात पंखे फिरत होते, सलाईन ठिबकत होती. देवा, माझं काहीही कर, पण तिला राहू दे, एवढंच ती मनात घोकत होती.

मग हर्षालीचं भोकाड ऐकू आलं. चांगलं दणदणीत. आपल्या पोरीचं रडणं इतकं गोड वाटेल असं सुवर्णाला कधी वाटलं नव्हतं.

भारतला धाप लागली होती. "थांबवलं. सुई हाताला टेकली होती गं... डॉक्टर म्हणतात, आज इंजेक्शनच नको, गोळ्या देतो. पण मग हे काढलं कुणी?"

"मी घरी आले की बोलू. तिला द्या आधी."

फोनवर मुसमुस ऐकू आली. सुवर्णा तिथंच खुर्चीत बसली. तिचे डोळे वाहत होते.

"रडू नको राणी. झालं सगळं. नाही देणार सुई."

"तू म्हणाली होतीस दुखणार नाही," हर्षाली हुंदका देत म्हणाली. "दुपारी म्हणालीस. पप्पांना उठवू नकोस म्हणालीस."

सुवर्णानं रिसीव्हर कानाशी दाबला. "आणखी... आणखी काय म्हणाले मी?"

"तू हिरवं पेन दिलंस ना मला. आणि म्हणालीस, ड्यूटी सुटली की न्यायला येते."

भिंतीवरच्या घड्याळात ड्यूटी सुटायला थोडाच वेळ होता. कॉरिडॉरच्या टोकाला नवसामावशी बादली हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"पेन न्यायला ना गं?" सुवर्णानं विचारलं. "पेन परत न्यायला येते म्हणाले, हो ना बाळा?"

पलीकडे पोरगी नाक ओढून म्हणाली,

"नाही. पेन तर तू मला देऊनच टाकलंस."