ट्रूडीने टांगलेलं हरीण

स्टोव्हमध्ये लाकूड टाका आणि ब्रँडी जरा इकडे सरकवा. बाहेर तुमची हरणं टांगलेली बघून आठवलं. ही गोष्ट माझ्या शेजारणीची, ट्रूडीची. पत्त्यांतसुद्धा लबाडी न करणारी बाई आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

चार वर्षं झाली. नोव्हेंबर, शिकारीच्या हंगामाचा पहिलाच शनिवार. ट्रूडीने वारलेल्या नवऱ्याच्या मचाणावरून पहिल्याच गोळीत मोठा नर पाडला आणि तो ओढत थेट सासऱ्याच्या गोठ्यात आणला. सासरा, ऑटमार, त्याच वसंतात वारलेला. ‘माझ्या तुळईला बाईचं हरीण टांगलं जाणार नाही,’ हे त्याचं वाक्य गावाला पाठ होतं.

दीर मार्लिन दारातच उभा होता.

"टांग की! सकाळपर्यंत वर राहिलं तर मचाण तुझं. खाली आलं तर पुन्हा जंगलात बंदूक घेऊन दिसायचं नाहीस. म्हाताऱ्याला ओळखतेस ना? मेला तरी तुळई सोडायचा नाही तो."

"ओळखते, म्हणून तर इथेच टांगणार."

तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. पाइनची डहाळी मोडायची, अर्धी हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून, अर्धी शिकाऱ्याच्या टोपीत. ती द्यायची घरच्या थोरल्याने. मार्लिन आता थोरला. तो खिशात हात घालून निघून गेला. हरणाचं तोंड रिकामंच राहिलं.

तिने मागच्या पायांच्या शिरांतून काठी ओवली, दोर तुळईवरून टाकला, हरीण उलटं वर खेचून खांबाला दुहेरी गाठ मारली. टोपी खिळ्याला अडकवली, दाराला आतून कडी घातली आणि कंदील लावून बसली.

अकराच्या सुमारास दोर करकरला. गाठ आपसूक सुटत होती. हरीण सावकाश खाली आलं, कुणीतरी हाताने सोडावं तसं. शिंगं जमिनीला टेकली.

तिने पुन्हा ओढलं, पुन्हा बांधलं.

पुन्हा सुटलं.

मग वर माळ्यावर खोकला... तीन तुकड्यांत. ऑटमार तसाच खोकायचा.

भीती वाटली, हे ती कबूल करते. पण संताप भीतीहून मोठा होता. तिने हरीण तिसऱ्यांदा वर घेतलं, खांबाला वेढा दिला आणि दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं.

"आता खाली सोडायचं तर मलाही ओढावं लागेल, पा." सासऱ्याला ती पा म्हणायची.

मग सुरी घेतली. खुरांच्या वर गोल चीर दिली. मूठ घालून कातडं सोडवत खाली आणू लागली.

दोर ताणला.

ती एक पाऊल सरकली. टाच रोवली.

पुन्हा ओढ... कंदील मिणमिणला.

"वीस वर्षं तुमची आणि तुमच्या पोरांची हरणं कुणी सोलली? याच तुळईखाली, थंडीने बोटं फुटेपर्यंत? तेव्हा बाईचे हात चालले. आज माझं हरीण का चालत नाही? बोला ना!"

तिने सुरी पुन्हा कातड्याखाली सरकवली.

"मी जाणार नाही."



हळूहळू दोर सैल झाला. तिने मानेपर्यंत कातडं उतरवलं, घडी घालून ठेवलं आणि खांबाला टेकून, दोर कमरेला तसाच ठेवून, डोळे मिटले.

उजाडताना मार्लिनने दार ठोठावलं. तिने उठून कमरेचा दोर खांबाला बांधला आणि कडी काढली. हरीण वरच होतं. मार्लिन बघत होता ते मात्र हरणाच्या तोंडाकडे. दातांत पाइनची हिरवी डहाळी होती.

"तू घातलीस?"

"तो मान थोरल्याचा. मी कशाला घालू?"

मार्लिन खिळ्याकडे गेला. ट्रूडीच्या टोपीत दुसरी अर्धी डहाळी खोचलेली होती. त्याने ती काढून हरणाच्या तोंडातल्या तुकड्याला लावून पाहिली. मोड तंतोतंत जुळली.

आणि टोपीतल्या डहाळीवरचं बर्फ अजून वितळलेलं नव्हतं.