आतला हात

भिंगरीचे बूट घट्ट झाले होते. तिला दुकानात न्यायचं, अंगठ्यापुढे थोडी जागा राहील असे बूट घ्यायचे आणि तिला परत आणून सोडायचं, एवढ्याच कामासाठी मावशी त्या दुपारी बहिणीच्या घरी आली होती. बहिणीच्या घरी असं म्हणायची सवय अजून सुटली नव्हती. ती धाकटी बहीण जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात आता मेहुणा आणि त्याची ती एका जागी न टिकणारी लेक, जिला सगळे भिंगरीच म्हणत.

पोरगी शाळेतून यायची होती. मेहुणा म्हणाला, "ताई, तोवर आत या. एक दाखवायचंय. पण रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन, जावईबुवा. आधीच कबूल करून कशाला ठेवू?"

त्याच्या कामाच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या आणि खिडकीला जाड काळा पडदा होता. स्क्रीनवरचा रंग खरा दिसायचा तर खोलीला स्वतःचा रंग असून चालत नाही, असं तो म्हणे. त्यामुळे बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत कायम तिन्हीसांजेसारखं वाटायचं, आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास यायचा. सिनेमासाठी, खेळांसाठी तो कॉम्प्युटरवर पुतळे घडवायचा. मावशी संग्रहालयातले पुतळे रंगवायची. एकाच धंद्यातली दोन टोकं, त्यामुळे दोघांची कायम जुंपलेली. तुमच्या पुतळ्यांना कावळाही शिवणार नाही, असं ती म्हणायची. तुमच्यांची धूळ झाडण्यातच जन्म जायचा, असं तो.

त्या दिवशी स्क्रीनवर धाकटी होती. डोकं, मान आणि खांदे, बस्स. खांद्यांखाली सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. सगळी राखाडी, ओल्या सिमेंटसारखी.

"कशासाठी केलंत हे?" मावशीने विचारलं.

"पोरगी विसरत चाललीय, ताई. परवा शाळेत आईचं चित्र काढायला सांगितलं. हिने केस काढले, कानातलं काढलं, अन् चेहरा कोराच ठेवला. बाई म्हणाल्या, रंग भर की. तर म्हणे, कोणता होता ते आठवत नाही."

"फोटो आहेत ना ढीगभर?"

"एकात पिवळी दिसते, एकात गुलाबी. हॉस्पिटलातल्या फोटोंत तर... पोरगी विचारते, बाबा, यातली खरी कोणती? काय सांगू? मलाही आता नक्की सांगता येत नाही." त्याने स्क्रीनकडे बोट केलं. "हे दाखवलं तर म्हणाली, ही आई नाही, दगड आहे. रंग तुम्हीच देऊ शकाल, ताई. तुम्ही तिला जन्मापासून पाहिलंय."

बूट त्या दिवशी आणायचे राहिले.

पुतळ्याची कातडी रंगवताना मावशी कधीच कातडीच्या रंगाने सुरुवात करत नसे. पहिला हात निळसर हिरव्याचा, पाण्यासारखा पातळ. त्यावर लालाचा, पण सगळीकडे नाही. जिथे रक्त वरवर असतं तिथे, गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या पाळ्यांना. मग पिवळट, मग तपकिरी, एकावर एक कितीतरी हात. हात म्हणजे थर हे भिंती रंगवणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण मावशीचा सगळा जीव पहिल्या हातात असायचा. तो पुढे कुणाला दिसत नाही, पण तो नसला तर पुतळा बाहुलीसारखा दिसतो.

"इथे तसं जमणार नाही," मेहुणा म्हणाला. "हे नुसतं टरफल आहे. रंग द्यायचा तो वरून. आतल्या बाजूला रंग चढतच नाही, कारण आतली बाजूच नसते."

"म्हणजे वरून माणूस आणि आत काही नाही?"

"थोडक्यात तसंच."

"असे बरेच ओळखीचे आहेत माझ्या," मावशी म्हणाली, आणि तिने स्क्रीनवर रंगवायचं पेन हातात घेतलं.

संग्रहालय सोमवारी बंद असे, त्या दिवशी ती येत राहिली. कुंचल्याचं वजन नाही, रंगाला वास नाही, चुकलं तर खरवडायला नको. सुरुवातीला तिला ते खोटं खोटं वाटायचं. रंगासाठी ती फोटो बघत नव्हती. डोळे मिटून आठवायची. थंडीत धाकटीच्या ओठांभोवती येणारी फिकट कड. खोटं बोलताना आधी लाल होणारा डावा कान. लहानपणी त्यावरूनच ती पकडली जायची. डोळ्यांखालचा जांभळट भाग, तो आजारपणातला नव्हता, पहिल्यापासूनच होता. हे सगळं एकेक करून चेहऱ्यावर उतरलं. भिंगरी रोज शाळेतून आली की स्क्रीनवरचं चित्र समोर उभं करणारा हेडसेट डोळ्यांवर चढवून आईसमोर जायची, आणि चक्क एका जागी उभी राहायची. मावशीला आधी बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. कारण चेहरा तिच्या हाताला जमेल त्याहून चांगला होत होता. ती द्यायची एक रंग, आणि पुढच्या खेपेला गालावर त्याहून थोडं जास्त काही असायचं.

एका संध्याकाळी मेहुणा स्वयंपाकघरात चहा टाकत होता. हनुवटीखालची सावली नीट दिसावी म्हणून मावशी चेहरा जवळ आणत होती. जरा जास्तच जवळ आला. गाल स्क्रीनभर पसरला आणि नजर त्यातून आरपार गेली.

आत काही नसतं, असं तिला सांगितलं होतं.

आत निळसर हिरवा होता.

पातळ, पाण्यासारखा. कपाळाच्या आतून, गालांच्या आतून, सगळीकडे सारखा. त्यातून पलीकडचा लाल झिरपून दिसत होता, कानापाशी गडद, नाकाशी फिका. आयुष्यभर मावशीने तो पहिला हात दिला होता आणि वरच्या थरांखाली झाकून टाकला होता. मागच्या बाजूने तो कसा दिसतो, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिचीच पद्धत. धाकटी लहान असताना तिच्या शेजारी बसून तासन्‌तास बघायची, ती पद्धत. खोलीत टर्पेंटाईनचा वास येत होता. रंगाची एकही डबी तिने या घरात कधी आणली नव्हती.

मेहुणा कप घेऊन दाराशी थबकला.

"हा तुम्ही दिलात?" तिने न वळता विचारलं.

"काय?"

"आतला हात."

तो पुढे आला. बघत राहिला. "आत... आत देताच येत नाही, ताई. मी सांगितलं ना... आत बाजूच..."

"मग कोणी दिला?"

त्याने कप खाली ठेवले आणि स्क्रीनला अलगद तळवा लावला. तो घाबरला नव्हता. मावशीला भीती वाटली ती त्याचीच.

"राहू दे," तो पुटपुटला. "जसं आहे तसं राहू दे, ताई."

तेवढ्यात भिंगरी आली. दप्तर टाकलं, कुणाला काही कळायच्या आत हेडसेट चढवला आणि नेहमीसारखी खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"मावशी, आई हात देतेय."

"तिला हात मी दिलेत गं, बाळा. रंगाचे," मावशी म्हणाली. पोरीने आपला शब्द उचलला, असंच तिला वाटलं.

"ते नाही. हा."

भिंगरीने उजवा हात वर केला. रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी तिची बोटं मिटली. पुतळा खांद्यापर्यंतच होता. त्याला हात नव्हतेच.

"आत ये म्हणते... आत जागा आहे म्हणते..." पोरगी एक पाऊल पुढे सरकली. तिला जे दिसत होतं तेच स्क्रीनवर दिसत होतं. गाल जवळ येत होता. डावा कान लाल होता, मावशीने दिला होता त्याहून कितीतरी लाल.

"काढा तो हेडसेट!"

मेहुणा हलला नाही. "एकदा, ताई... एकदाच जाऊन येऊ दे तिला..."

मावशीने स्वतःच तो ओढून काढला. भिंगरीचे डोळे उघडे होते, पण ती मावशीकडे बघत नव्हती. तिचा हात तसाच वर होता आणि दंड ताणला जात होता. मावशीने पेन उचललं, राखाडी निवडला आणि सगळा चेहरा एका टिचकीत बुजवला. दंड सुटला नाही. मग मावशीने मघासारखा चेहरा जवळ आणून नजर गालातून आत नेली आणि जिथे रंग चढत नाही तिथे, त्या निळसर हिरव्यावर, पेन टेकवलं. राखाडी पसरत गेला. शेवटी कानापाशी थोडा लाल उरला. तोही गेला.

पोरीचा हात दाणकन खाली आला.

"तू तिला पुसलंस," भिंगरी म्हणाली, आणि मग ओक्साबोक्शी रडली.

मेहुणा भिंतीला टेकून खाली बसला होता. "वर्षभर वाट बघितली मी, ताई. वर्षभर."

"पोरीला आई आठवायला हवी होती," मावशी म्हणाली. "आईला पोर नेऊन द्यायची नव्हती. माझी बहीण होती ती. मला काय हौस होती पुसायची?"

दुसऱ्या दिवशी ती रंगाच्या डब्या आणि एक पांढरी बशी घेऊन आली. काळा पडदा तिने कड्यांसकट उतरवला. भिंगरी आधी फिरकेना. मग हळूच येऊन खिडकीपाशी बसली.

"मी नाही सांगणार," मावशी म्हणाली. "तू सांग, आईच्या रंगात काय घालू?"

"पांढरा. पिवळा... एवढा नाही गं!"

"बरं बाई, चुकलं."

"लाल थोडा. अजून." पोरीने कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ ती बशीकडे बघत राहिली. मग तिने मावशीच्या हातातली काडी घेतली आणि हिरव्याचा एक ठिपका स्वतःच टाकला. ढवळला. रंग जमला.

मावशीने बशी उजेडात धरली. तोच होता. थंडीतला नाही, आजारातला नाही, एरवीचा, रोजचा.

"ही आई," भिंगरी म्हणाली. दाराशी उभ्या असलेल्या मेहुण्याने तोंड फिरवलं.

पोरीने पुढच्या चित्रात चेहरा रंगवला. शाळेतून आली की पुन्हा ती घरभर भिरभिरू लागली. बशी मात्र तिने खिडकीत ठेवायला लावली, उन्हात.

काही दिवसांनी मावशीने ती धुवायला उचलली. रंग वाळून घट्ट झाला होता. नीट वाळलाय का हे बघायला तिने सवयीने त्यावर अंगठा दाबला आणि उचलला.

अंगठ्याखालची जागा पांढरी पडली होती. मग कडेकडेने, अगदी सावकाश, जिवंत कातडीत भरते तशी, तिथे लाली परत भरली.

मावशीने दुसऱ्यांदा दाबून पाहिलं नाही.